भीड आणि बूच

ग्वाल्हेरच्या माणसाने नौकेविषयी लिहावे आणि ते मांडवी-झुवारीच्या काठी राहणाऱ्या वाचकांनी वाचावे, यात थोडा औचित्यभंग आहे हे मी जाणून आहे. आमच्या गावाला समुद्र नाही. नदी म्हणून जी आहे तिचे नाव स्वर्णरेखा, आणि वर्षातले बरेच महिने तिच्यात नावापुरतेच पाणी असते. आम्ही राहतो त्या वस्तीचे नाव लष्कर, म्हणजे मुळात छावणी. महादजी शिंद्यांच्या काळी जिवबादादा केरकर, लखबादादा लाड यांच्यासारखे सारस्वत मुत्सद्दी आणि सरदार खाडीकाठची गावे सोडून उत्तरेत आले ते घोड्यावर बसून. त्यांच्या मागोमाग आलेल्या कुटुंबांनी भाषा टिकवली, कुलदेवतांचे नवस टिकवले. सोलकढी नारळाच्या दुर्भिक्ष्यामुळे सणावारापुरती उरली. होडी मात्र कायमची सुटली.

तथापि जे सुटते त्याचीच हौस उरते. ग्वाल्हेर आणि आसपासचा मुलूख पाहिला तर कोरड्या प्रदेशातील माणसांना पाण्यावर तरंगण्याची केवढी ओढ असते याच्या खुणा जागोजाग सापडतात. शहरात बायजाबाई शिंद्यांच्या नावाचा बैजाताल आहे. त्याच्या मधोमध रंगमंच बांधलेला आहे. सांक नदीवर तिघऱ्याचे धरण आहे, जिथे सुटीच्या दिवशी अर्धे ग्वाल्हेर नौकाविहाराला लोटते. त्या धरणाला मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांची आपोआप उघडणारी दारे बसवली होती. असे असूनही १९१७ च्या ऑगस्टात पुराचे पाणी भिंतीवरून वाहिले, पाया सरकला आणि भिंतीचा भाग वाहून जाऊन मोठी प्राणहानी झाली. पुढे धरण पुन्हा उभे राहिले आणि आज ते शहराची तहान भागवते. शिवपुरीला माधवराव महाराजांनी सख्यासागर बांधला आणि त्याच्या काठी नौकाविहाराचा क्लब उभारला. हे तळे २०२२ साली रामसर यादीत गेले. त्यात मगरी पुष्कळ आहेत. नौका उलटल्यास काय करावे, हा प्रश्न त्यामुळे शिवपुरीत अन्य ठिकाणांपेक्षा थोडा अधिक गंभीरपणे विचारला जातो.

याच माधवराव महाराजांनी एक खरेखुरे आगबोटही घेतले होते. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी, १९१४ च्या अखेरीस, ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ नावाची जुनी प्रवासी बोट त्यांनी विकत घेतली; ‘लॉयल्टी’ असे तिचे नवे नाव ठेवून तिचे इस्पितळ बनवण्यात आले. युद्धानंतर वालचंद हिराचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नव्या कंपनीने ती घेतली. कंपनीला सिंदिया हे नाव मिळाले, आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस १९६४ पासून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. म्हणजे ज्या संस्थानाला हातभर किनारा नव्हता त्याचे नाव हिंदी जहाजरानीच्या कपाळावर लागले. बोट मात्र १९२३ साली मोडीत निघाली. तिचे तरुणपण दुसऱ्यांच्या सेवेत गेले होते. जुनी नाव घेणारा तिच्या किमतीबरोबर तिचे वयही विकत घेतो, ही गोष्ट महाराजांपासून माझ्या डॉक्टर मित्रापर्यंत सर्वांना सारखीच लागू पडते.

या डॉक्टर मित्राविषयी आता लिहायला हवे. त्यांचे नाव सांगत नाही. ते स्वतः सांगायला तयार आहेत, पण माझा धंदा मला सावध राहायला शिकवतो. ग्वाल्हेरपासून तासाभराच्या अंतरावर त्यांची वडिलोपार्जित शेती आहे आणि ओढ्यावर बांध घालून केलेला चांगला विस्तीर्ण तलाव आहे. सहा वर्षांपूर्वी त्यांनी कोकणपट्टीवरून एक जुनी फायबरची नाव ट्रकवर घालून आणवली. चौदा फूट लांब, मागे टांगायचे छोटे इंजिन, आत बसायला चार पाट. आमच्या मंडळींत ही वार्ता एखाद्याने हत्ती बांधावा तशी पसरली. जलावतरणाच्या दिवशी आम्ही पंधरावीस जण शेतावर जमलो. वहिनींनी नावेच्या नाळेला हळदकुंकू लावले, नारळ फुटला, डॉक्टर, वहिनी आणि त्यांचे दोन भाचे नावेत बसले. काठावर टाळ्या झाल्या.

तलावाच्या मध्यावर गेल्यावर वहिनींच्या चपला पायांतून सुटून तरंगू लागल्या.

पुढची दहा मिनिटे विस्ताराने सांगण्यात अर्थ नाही. डॉक्टर इंजिन शोधत होते, भाचे पाणी उपसत होते, वहिनी काय बोलत होत्या ते वाऱ्यामुळे आम्हांला ऐकू आले नाही हे बरेच झाले. नाव कशीबशी काठाला आली तेव्हा तिची कड पाण्याला टेकायला चार बोटे उरली होती. शेताचा चौकीदार चंबळकाठचा केवट. तो कमरेइतक्या पाण्यात उतरला, नावेच्या पिछाडीला हात फिरवला आणि अत्यंत नम्रपणे विचारले, “डॉक्टर साहब, इसका डाट कहाँ है?” डॉक्टरांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला. नावेचे बूच त्यांच्या खिशात होते. सकाळी हरवू नये म्हणून त्यांनीच ते काढून जपून ठेवले होते.

ज्यांच्या दारात होडी असते त्या वाचकांना हे बूच ठाऊक असेल, इतरांसाठी सांगतो. छोट्या नावेच्या पिछाडीला, तळाच्या अगदी लगत, एक भोक ठेवलेले असते. नाव जमिनीवर उभी असताना पावसाचे पाणी, धुतल्याचे पाणी त्यातून निघून जावे अशी योजना. पाण्यात लोटण्यापूर्वी तिथे बूच बसवायचे. सारी योजना इतकी साधी की ती विसरण्यासाठी माणूस सुशिक्षित असावा लागतो. गंमत अशी की नाव वेगात असते तोवर दोष उघडा पडत नाही, कारण वेगात पिछाडीमागचे पाणी हटते आणि भोकातून फारसे आत येत नाही, कधी कधी उलट आतले बाहेर खेचले जाते. माणूस खुशीत तलावाच्या मध्यापर्यंत जातो, देखावा पाहायला म्हणून इंजिन बंद करतो, आणि मग तलाव शांतपणे आत येऊ लागतो.

नावेच्या हौशी मालकांच्या फजित्यांचे हे आद्यस्थान झाले. पण त्यानंतर मला त्या विषयाचा छंद लागला. पक्षकारांची कामे जिथे जिथे घेऊन जातात तिथे, भोपाळच्या मोठ्या तलावापासून गोव्यापर्यंत, हौशी नौकामालक भेटला की मी त्याला बूच विसरण्याविषयी विचारतो. तो आधी हसतो आणि मग दुसऱ्या कोणाची म्हणून स्वतःची हकीकत सांगतो. अशा पुष्कळ हकीकती मी ऐकल्या. एका गृहस्थाने मोठ्या ऐटीत नांगर फेकला. नांगर गेला, दोर गेला आणि दोराचे दुसरे टोकही गेले, कारण ते नावेला बांधलेलेच नव्हते. दुसऱ्याने दोर बांधला होता, पण पाण्याच्या खोलीइतकाच सोडला. नांगर तळाशी आडवा पडून चिखलात रुतावा लागतो, त्यासाठी खोलीच्या निदान पाचपट दोर हवा. आखूड दोराने नांगर तळावर नुसता उड्या मारतो. ते गृहस्थ जेवून उठले तेव्हा नाव दुसऱ्याच्या वाडीत होती. आणखी एकाचे इंजिन धक्क्यापासून दोनशे हात गेले की बंद पडे. तीन मिस्त्री झाले, दोन सुटे भाग झाले, आणि शेवटी तेलाच्या टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू कोणी सैल केला नव्हता असे निघाले. टाकीत हवा शिरली नाही तर तेल बाहेर येत नाही, हे आपण शाळेत शिकतो आणि इंजिन विकत घेताना विसरतो.

धक्क्याचा दोर सोडायच्या आधीच पूर्ण वेगाने निघणारे आहेत. सुटलेला दोर पंख्यात गुंडाळून घेणारे आहेत. एक पाय धक्क्यावर आणि एक नावेत ठेवून पाहुण्यांचे स्वागत करणारे तर प्रत्येक धक्क्यावर असतात. मधले अंतर हळूहळू वाढत जाते, त्या गृहस्थाला निर्णय घेता येत नाही आणि निर्णय अखेर पाणी घेते. अर्ध्या टाकीच्या भरवशावर लांब जाणाऱ्यांची संख्या तर अगणित. जुने लोक तेलाचे तीन वाटे करीत, एक जाण्याचा, एक येण्याचा, एक न सांगता येणाऱ्या प्रसंगाचा. हौशी माणूस तिसरा वाटा देखाव्यावर खर्च करतो. खाडीवर वाढलेल्या नावेला तलावात आणल्यावर ती किंचित खोल बसते, कारण गोडे पाणी खाऱ्याहून शेकडा अडीच टक्के हलके. डॉक्टरांना हे मी सांगितले तेव्हा त्यांनी अत्यंत गंभीर मुद्रेने तो दोषही बुचाच्या खाती जमा करून घेतला.

हे सारे हसण्यासारखे आहे आणि हसावेच. परंतु एक गोष्ट मला हळूहळू जाणवली. धक्क्यावर जी हकीकत सांगितली जाते ती कोणाच्या तरी कामी येते. डॉक्टरांच्या बुचाची कथा आमच्या परिचयात इतकी पसरली की आता त्यांच्या तलावावर कोणीही, अगदी लहान पोरही, नावेत पाय ठेवण्यापूर्वी मागे वाकून पाहते. डॉक्टरांनी स्वतः बूच आणि इंजिनची किल्ली एकाच साखळीत ओवली आहे. एक लावल्याशिवाय दुसरी हातात येत नाही.

याउलट माझा व्यवसाय. वकिलाकडे माणूस आला की पहिला उपदेश गप्प राहण्याचा. १८७२ च्या साक्षीच्या कायद्याने काय शिकवले आणि १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने काय कायम ठेवले, तर हेच की माणसाच्या तोंडून निघालेली स्वतःच्या विरुद्धची गोष्ट त्याच्यावर उलटू शकते. हा उपदेश मी वीस वर्षे देत आलो आणि तो योग्यच आहे. आरोपीला मौनाचा हक्क नसता तर न्याय कसला? परंतु हाच उपदेश कचेरीतून उठून धक्क्यावर आला की त्याचे विष होते. तिथे गप्प राहणाऱ्याची चूक दुसऱ्या कोणाला तरी पुन्हा, आणि बहुधा अधिक खोल पाण्यात, करावी लागते.

या संदर्भात दोन नावे मला नेहमी आठवतात. पहिले रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. हा इंग्रज खलाशी अधिकारी ब्रिटिश इंडिया कंपनीच्या नोकरीत मुंबईत असताना त्याने स्वतःसाठी एक नौका बांधवून घ्यायचे ठरवले. विलायतेतून एक नकाशा मागवला आणि हाती आला दुसराच, जुन्या घडणीचा. परत पाठवायला वेळ नव्हता, म्हणून त्याच नकाशावरून मुंबईच्या सुतारांनी सागवानाची बत्तीस फुटी नौका वाकसाने तासून उभी केली. १९६४ च्या डिसेंबरात नारळ फोडून ती पाण्यात लोटली. तिचे नाव ‘सुहैली’. १४ जून १९६८ रोजी तो तिला घेऊन फाल्मथहून एकटा निघाला. वाटेत तळाच्या फळ्यांतून पाणी येऊ लागले तेव्हा समुद्रात बुडी मारून फटीत कापूस ठोसला आणि वरून तांब्याची पट्टी मारली. २२ एप्रिल १९६९ रोजी तो परत आला. कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला मनुष्य. आपल्या नौकेच्या गळतीविषयी, चुकीच्या नकाशाविषयी त्याने पुढे मोकळेपणाने लिहिले. दिलीप दोंदे यांनी पुढे त्याच्याकडेच धडे घेतले. २००९-१० साली एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय ठरले. त्यांची ‘म्हादेई’ गोव्यात दिवाडी बेटावर बांधली गेली. आणि अभिलाष टॉमींनी २०१८ च्या शर्यतीसाठी ‘तुरिया’ घेतली तीही गोव्यात बांधलेली, आणि हुबेहूब ‘सुहैली’च्या बेतावर. चुकून आलेला नकाशा पन्नास वर्षांनी मांडवीकाठी पुन्हा उलगडला गेला, याची मौज गोमंतकीय वाचकांना अधिक वाटावी.

दुसरे नाव त्याच शर्यतीतले. डोनाल्ड क्रोहर्स्ट हा विद्युत उपकरणांचा छोटा कारखानदार आणि सुटीच्या दिवशी शीड लावणारा हौशी मनुष्य. त्याची तीन तळांची नौका घाईघाईत तयार झाली. निघण्याची शेवटची मुदत ३१ ऑक्टोबर १९६८. तो त्याच दिवशी निघाला. निघाल्यावर शिडाचे दोर अडकलेले आढळले म्हणून धक्क्याला परत ओढून आणावे लागले, आणि पुन्हा निघाला तेव्हा नौकेच्या तळातले पाणी उपसण्याची नळी धक्क्यावरच राहून गेली. इतके सारे, माझ्या डॉक्टरांच्या बुचाच्याच जातीचे आहे. पंधरा दिवसांत त्याला उमगले की ही नौका दक्षिणेच्या महासागरात टिकणार नाही. परत फिरला असता तर? त्याच्या आश्रयदात्याशी करार होता. बेत फसला तर नौका त्याच्याच कंपनीने परत घ्यायची, आणि घरही गहाण पडलेले. करार वाचणे माझे काम आहे, म्हणून सांगतो, तो करार कठोर होता, पण मरणाइतका नव्हता. त्याहून कठोर होते ते वर्तमानपत्रांचे डोळे आणि गावातले हसे. तो दक्षिण अटलांटिकात रेंगाळत राहिला आणि आपण पुढे गेल्याचे खोटे ठावठिकाणे बिनतारी संदेशाने कळवीत राहिला. त्या खोट्या आकड्यांनी घाबरून दुसरा एक स्पर्धक, नायजेल टेटली, आपली जर्जर नौका ताणत गेला आणि १९६९ च्या मे महिन्यात ती बुडाली, तो वाचला. क्रोहर्स्टच्या रोजनिशीतली शेवटची नोंद १ जुलैची आहे. १० जुलैला नौका सापडली; आत कोणी नव्हते. नॉक्स-जॉन्स्टनने बक्षिसाचे पाच हजार पौंड त्याच्या कुटुंबाला देऊन टाकले.

हसण्याचे भय माणसाला कुठवर नेते याचा इतका लांबचा दाखला देण्याची गरज नव्हती असे कोणी म्हणेल. जवळचा देतो. आमच्याच राज्याच्या राजधानीत, भोपाळच्या छोट्या तलावात, खटलापुरा घाटावर, १३ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे गणपतीची मोठी मूर्ती विसर्जनाला नेली जात होती. दोन नावा एकत्र बांधलेल्या होत्या. मूर्ती पाण्यात सोडताना नावा उलटल्या आणि अकरा तरुण बुडाले. किनारा जवळ होता.

दोन नावा जोडण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. कुंभारजुव्याला गणेशचतुर्थीनंतर सातव्या दिवशी सांगोडाचा उत्सव होतो तेव्हा दोन होड्या जोडून त्यांवर मखर उभारतात आणि गणपती खाडीतून मिरवतो. साखळीच्या विठ्ठलापूरला त्रिपुरारी पौर्णिमेस वाळवंटीच्या पात्रात सजवलेल्या नौका सोडतात. पाण्याची ही सोबत आपल्या देवांना जुनी आहे. जोडलेल्या नावा एकटीहून अधिक स्थिर असतात हे खरे, पण भार दोहींच्या मध्यावर आहे तोवरच. उंच मूर्ती एका कडेला कलली, चार माणसे तिला धरायला त्याच कडेला धावली, की सगळा भार एका नावेच्या एका कडेवर येतो. ती कड पाण्याखाली जाते, आणि ज्या दोराने दुसरी नाव आधार देत होती त्याच दोराने ती खाली ओढली जाते. उंचावरचे वजन आणि एका बाजूची धाव, नावेला याहून अधिक भय कशाचे नाही.

हे गणित कोणालाही कळते. मग नावेत जास्त माणसे का बसतात? बडोद्याला हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी शाळेची सहल घेऊन निघालेली नाव उलटली आणि बारा मुले व दोन शिक्षिका गेल्या. नाव भरली होती त्याहून अधिक भरलेली होती आणि पुष्कळांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. चौकशी होते, अटका होतात, भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ किंवा त्याहून कडक कलम लागते. १९१७ चा जुना अंतर्देशीय नौका कायदा, जो तिघऱ्याचे धरण फुटले त्याच साली आला होता, २०२१ च्या नव्या कायद्याने रद्द झाला. यंत्राच्या नावांची नोंदणी, तपासणी, विमा हे सारे त्यात आहे, आणि वल्ह्याच्या नावांचा भार स्थानिक संस्थांवर सोपवलेला आहे. कायदा ठीक आहे. पण कायद्याला मोजपट्टी लागते. इंग्लंडात सॅम्युअल प्लिमसॉलच्या आटापिट्याने १८७६ साली जहाजाच्या कुशीवर भाराची रेघ काढणे सक्तीचे झाले. मात्र ती कुठे काढायची ते मालकानेच ठरवायचे! ही पळवाट बुजायला १८९० साल उजाडले. आपल्या तलावावरच्या होडीला तर रेघच नाही. तिथे रेघ म्हणजे होडीवाल्याची जीभ. ती ‘पुरे’ म्हणाली तर रेघ आहे, नाही तर नाही.

आणि ती जीभ का अडते, हे आपण सगळे जाणतो. भीड. पाहुणा दुरून आला आहे, मुले हट्ट करीत आहेत, अध्यक्षांना नाही कसे म्हणावे, मालकापेक्षा वयाने वडील आहेत, एकच तर माणूस. नावेच्या हौशी मालकाची सर्वांत घोर चूक ही असते, आणि ती चूक म्हणून दिसतच नाही. बूच विसरले तर माणूस मूर्ख दिसतो. अकरावा माणूस बसवला तर तो दिलदार दिसतो. आमच्या ग्वाल्हेरी मराठी समाजात तर आतिथ्य हा अभिमानाचा विषय. जेवणाच्या पंगतीत आग्रह चालतो म्हणून तो नावेतही चालावा असे लोकांना वाटते. पंगतीत वाढलेली जिलबी पोटाला जड होते, इतकेच. भीड ही भिकेची बहीण असे म्हणणाऱ्याने तलाव पाहिला नसावा. तिची दुसरीही एक बहीण आहे.

इथे मला पुन्हा डॉक्टरांकडे वळले पाहिजे. बुचाच्या दिवसानंतर त्यांच्यात झालेला एक बदल मी बारकाईने पाहत आलो. आधी ते भिडस्त म्हणून प्रसिद्ध होते. रात्री अकराला दार ठोठावणाऱ्याला त्यांनी कधी परत पाठवले नव्हते, आणि आजही पाठवीत नाहीत. पण नावेच्या धक्क्यावर ते निराळे होतात. पंधरावीस माणसांसमोर खिशातून बूच काढावे लागलेल्या माणसाला हशाचे भय उरत नसावे. आभाळ जरा काळवंडले तर ते निम्म्या फेरीतून नाव वळवतात आणि “घाबरला!” असे कोणी म्हटले तर “होय, घाबरलो,” असे उत्तर देतात. जॅकेट न घालणाऱ्याला घेत नाहीत. चार पाट, चार माणसे. मांडीवरचे मूलही ते माणूस म्हणूनच मोजतात.

गेल्या भाद्रपदाच्या आधी आमच्या गणेशोत्सव मंडळाचे काही लोक शेतावर आले होते. यंदा शहरातल्या तळ्याऐवजी डॉक्टरांच्या तलावात विसर्जन करावे, मातीची हातभर मूर्ती नावेतून मध्यावर न्यावी, असा बेत होता. पाहणीसाठी एक फेरी ठरली. डॉक्टर इंजिनापाशी, त्यांचा केवट नाळेवर, मी आणि मंडळाचे चिटणीस मधल्या पाटांवर बसलो. इतक्यात अध्यक्ष आले. वयाने सत्तरीचे, शब्द मोठा, देहही मोठा. त्यांनी एक हात केवटाच्या खांद्यावर ठेवला आणि पाय उचलला.

“काका, चार झाले,” डॉक्टर म्हणाले.

“अरे, मी कोपऱ्यात बसतो.”

“नावेला कोपरा नसतो, काका. पुढच्या फेरीत या.”

चिटणीसांचा चेहरा पांढरा पडला. अध्यक्षांनी उचललेला पाय तसाच हवेत धरला होता. चिटणीस उठू लागले, आपली जागा द्यायला. डॉक्टरांनी त्यांना बसवले. उभा राहणारा माणूस नावेत आणखी वाईट, असे म्हणाले. मग ते अध्यक्षांकडे वळले आणि बुचाची गोष्ट सांगू लागले. वहिनींच्या चपला, भाचे, खिसा, सगळी, एकही तपशील न गाळता, जणू आम्ही ती प्रथमच ऐकत होतो. अध्यक्ष ऐकताना आधी गंभीर होते. ‘खिशात’ या शब्दाला मात्र त्यांना हसू आवरेना. त्यांनी पाय मागे बांधावर ठेवला.

“जा, या फिरून,” ते म्हणाले, “मी इथे चहा घेतो.”

विसर्जनाच्या दिवशी मूर्तीबरोबर नावेत तिघेच गेले. अध्यक्ष आरतीचे तबक घेऊन बांधावर उभे होते, आणि मागून पुढे सरकणाऱ्या पोरांना दरडावून सांगत होते, “थांबा! आधी बूच लावलंय का बघा.”